आईने नाकारलेला वन्स मोअर

'तेजोमेघ' पडला, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण पडतानाही त्याचे लाड बघा! एकाही परीक्षणात सरळ लिहिलं नाही, की बाबांनो, तीन तास डोकं उठलं. सगळ्यांनी शेवटी एकच वाक्य लिहिलं: 'प्रयत्न स्तुत्य आहे.' मराठीत एवढा मोठा विज्ञानपट, एवढं धाडस, एवढं तंत्र, तेव्हा प्रयत्न स्तुत्य आहे. मी शिक्षिका आहे. नापास मुलाच्या प्रगतिपुस्तकावर 'अक्षर चांगले' असा शेरा मीही मारते. पण नापास झालेल्या मुलाने दुसऱ्या कुणाच्या घरातलं काही नेलेलं नसतं. 'तेजोमेघ'ने आमच्या घरातलं नेलं, आणि ते स्तुत्य नाही.

मी वैजयंती कोपर्डे. सांगलीत ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि वडिलांबरोबर राहते. वडील म्हणजे रघुवीर कोपर्डे, सगळ्या गावाचे अण्णा. त्यांचा जन्म हळदीच्या अडत दुकानात गेला, पण गाव त्यांना ओळखतं ते संगीत नाटकातले नट म्हणून. दिवसा हळदीचे सौदे, संध्याकाळी तालीम. अंगाला हळदीचा वास तसाच घेऊन ते राजपुत्र व्हायचे.

ज्यांनी संगीत नाटक बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पद रंगलं की प्रेक्षकांतून 'वन्स मोअर' अशी आरोळी येते, आणि नट नाटक तिथेच थांबवून तेच पद पुन्हा म्हणतो. राजा शेवटचे श्वास घेत असो नाहीतर शत्रू वेशीपाशी आलेला असो, पद पुन्हा होतं. अण्णांनी आयुष्यात कधी वन्स मोअर नाकारला नाही. घसा बसलेला असतानाही नाही, ताप असतानाही नाही. "मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं," म्हणायचे. आणि दर वेळी ते पद थोडं वेगळं गायचे. नवी हरकत, नवी तान. "तेच तसंच ऐकायचं तर घरी बसून रेकॉर्ड लावा की!"

एका स्पर्धेच्या प्रयोगाला नेहमीचा ऑर्गनवाला आजारी पडला, आणि ऐन वेळी मिरजेहून एका मुलीला बोलावलं. तिचं नाव कुमुदिनी. शेवटच्या अंकात अण्णांचं पद रंगलं. वन्स मोअर आला, अण्णा गायले. पुन्हा आला, पुन्हा गायले. तिसऱ्यांदा आला, अण्णांनी तोंड उघडलं, आणि ऑर्गन वाजेना. कुमुदिनीने ऑर्गनच्या पायाने मारायच्या भात्यावरून पाय काढून घेतले होते. सगळं थिएटर गप्प झालं. तिने मान वर करून रंगमंचावरच्या राजपुत्राला खणखणीत आवाजात सांगितलं, "पुरे आता. तिकडे नायिका विष पिऊन बसलीय, तिचं काय?"

थिएटर हसून कोसळलं. अण्णा संतापले. पडदा पडल्यावर तसेच, रंग न उतरवता, तिच्याशी भांडायला गेले. ती म्हणाली, "आधी ती मिशी काढा, मग भांडा." ते भांडण पुढे चाळीस वर्षं चाललं आणि त्यालाच आमचं घर म्हणतात. अण्णा ही गोष्ट येईल-जाईल त्याला सांगायचे आणि शेवटी मांडीवर थाप मारून म्हणायचे, "अख्ख्या सांगलीत मला नाही म्हणणारी एकच बाई भेटली. तिला सोडतो होय मी!"

आई गेली त्यानंतर ही गोष्ट ते जास्तच सांगायला लागले. रोज संध्याकाळी तिच्या फोटोपुढे उदबत्ती लावताना "काय, पुरे का आता?" असं विचारायचे. मला त्या गोष्टीचा शब्द न् शब्द पाठ झाला होता, तरी मी ऐकायची.

ह्याच गोष्टीसाठी निनाद कर्णिक आमच्या घरी आला. 'तेजोमेघ'चा दिग्दर्शक. चाळिशीचा, गोड बोलणारा, खाली सतरंजीवर मांडी घालून बसणारा. अण्णांची गोष्ट ऐकताना त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, ते मी नाकारत नाही. असल्या माणसांच्या डोळ्यांत पाणी खरंच येतं, तीच तर पंचाईत आहे.

"अण्णा, अशी मुरलेली आठवण मी वर्षभर शोधतोय," तो म्हणाला. "माझ्या सिनेमात एका दूरच्या ग्रहावरची राणी पृथ्वीची आठवण काढते. प्रेक्षकाला ती नुसती दिसणार नाही, ती त्याची स्वतःची आठवण होणार. तुम्ही द्या. आईंना मी अमर करतो."

आता ते कसं होणार होतं, ते थोडक्यात सांगते. आठवण म्हणजे ट्रंकेत ठेवलेला फोटो नव्हे. आपण काही आठवतो तेव्हा मेंदू ती आठवण बाहेर काढतो, आणि बाहेर काढलेली आठवण काही तास ओल्या मातीसारखी मऊ असते. मग मेंदू ती पुन्हा घट्ट करून ठेवतो. म्हणजे दर वेळी आपण ठेवतो ती थोडी नवीच असते. हे शास्त्रज्ञांना बरंच आधी माहीत होतं. निनादने ज्यांना कामावर घेतलं होतं त्या डॉ. निलोफर तांबोळींनी पुढचं शोधलं: मऊ असताना त्या आठवणीतल्या पेशी ज्या क्रमाने पेटतात, तो क्रम डोक्याला पट्टी बांधून बाहेरून वाचता येतो. अडचण एवढीच, की मेंदू लगेच घट्ट करायला लागतो आणि वाचता वाचता क्रम हलतो. त्यासाठी एक औषध देतात, ते घट्ट होणं थोपवून धरतं. वाचून झालं की औषध उतरतं आणि आठवण परत जागेवर बसते.

पण सगळी बसत नाही. दर वाचनाला थोडी सांडते. दोन-तीन वाचनांनी काही बिघडत नाही, मेंदू आजूबाजूच्या धाग्यांवरून तेवढं भरून काढतो. त्यापुढे मात्र भरून काढायला धागेच उरत नाहीत. म्हणून डॉ. तांबोळींनी नियम घालून दिला होता, की तीन वाचनांनंतर दर वेळी आठवण देणाऱ्याला विचारायचं, आणि तो हो म्हणाला तरच पुढे जायचं. माणूस दमला की आपणच नाही म्हणेल, असा त्यांचा हिशोब होता. हिशोब बरोबर होता. फक्त त्यांना अण्णा माहीत नव्हते.

वाचन पुण्याला स्टुडिओत झालं. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं, आत आवाज चालत नाही, म्हणून मला कॉफी देऊन बाहेर बसवलं. संध्याकाळी अण्णा बाहेर आले ते घामाघूम, पण चेहरा असा, की नुकताच प्रयोग रंगलाय.

"वैजू, काय रसिक माणूस आहे गं! वन्स मोअरवर वन्स मोअर!"

"म्हणजे?"

"टाळ्या वाजवायचा आणि म्हणायचा, अण्णा, वन्स मोअर! मग काय, दिला की."

"किती वेळा?"

"कोण मोजतंय?" अण्णा गाडीत बसता बसता म्हणाले आणि सांगली येईपर्यंत झोपले.

पुढचे काही महिने गावात 'तेजोमेघ'शिवाय दुसरं बोलणं नव्हतं. विश्रामबागच्या चौकात चार मजली फलक लागला: 'हा सिनेमा तुम्ही बघणार नाही. तुम्हाला तो आठवेल.' कृष्णेच्या घाटावर शेकडो ड्रोन उडवून आकाशात जांभळा तेजोमेघ काढला. मोबाइलवर रोज एक निरोप: मराठी असाल तर पहिल्या दिवशी पहिला शो. म्हणजे सिनेमा चांगला आहे म्हणून नव्हे, तर नाही बघितलात तर तुमच्या मराठीपणात काहीतरी खोट आहे म्हणून. आमच्या स्टाफरूममध्येही वर्गणी काढल्यासारखी तिकिटं काढली गेली. गल्लीत अण्णांना लोक हार घालायला यायचे.

दिवाळीच्या फराळाला शेजारच्या कुंभोजकर काकू नव्या सुनेला घेऊन आल्या. काकूंनी चकलीचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "अण्णा, हिला ते विषाचं सांगा की."

"कुठलं विष?" अण्णांनी विचारलं.

काकू हसल्या. त्यांना वाटलं, अण्णा भाव खातायत. "अहो, तुमची आणि वहिनींची ओळख कशी झाली ते."

अण्णा विचारात पडले. मी त्यांच्याकडे बघत होते. ते आठवण शोधत नव्हते, काय उत्तर दिलं तर बरं दिसेल ते शोधत होते. मग त्या सुनेकडे बघून नम्रपणे म्हणाले, "आमचं ठरवूनच झालं असेल. त्या काळी तसंच व्हायचं."

आई त्यांना आठवत होती. तिच्या हातची आमटी, तिचं दुखणं, दवाखान्यातले दिवस, सगळं. पण ते सगळं जिथून निघालं ती संध्याकाळच नव्हती. फोटोपुढे ते अजून उदबत्ती लावायचे, पण काही विचारायचे नाहीत. सासरच्या एखाद्या मोठ्या माणसाच्या फोटोला करावा तसा नमस्कार करायचे. मला ते बघवत नसे.

मी निनादला फोन केला. जे तोंडाला आलं ते बोलले. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "वैजयंतीताई, काही हरवलेलं नाही. सगळं आमच्याकडे सुरक्षित आहे. सिनेमा येऊ दे. अण्णा पट्टी लावून बसले, की त्यांचं त्यांना परत मिळेल. फक्त तोवर ती गोष्ट त्यांना सांगू नका. ऐकीव गोष्ट एकदा त्या जागी बसली, की खरीला जागा राहत नाही."

ही शेवटची गोष्ट मी डॉ. तांबोळींना विचारून घेतली. ती खरी होती. म्हणून मी तोंड बंद ठेवलं. कुंभोजकर काकूंना, नाटकातल्या जुन्या मंडळींना, दूधवाल्यालासुद्धा सांगून ठेवलं, की अण्णांपुढे त्या संध्याकाळचं नाव काढायचं नाही. एका घरात राहून, समोर बसून जेवताना, त्यांची स्वतःची गोष्ट मी त्यांच्यापासून लपवत होते. अख्ख्या महाराष्ट्रात त्या सिनेमाची माझ्याइतकी वाट कुणी बघितली नसेल. लोकांना करमणूक हवी होती, मला माझे वडील पूर्ण हवे होते.

पहिल्या दिवशी पहिला शो. अण्णांनी ठेवणीतलं जाकीट घातलं. थिएटरच्या दारात प्रत्येकाला डोक्याला बांधायची निळी पट्टी दिली. दिवे गेले, टाळ्या झाल्या, आणि सुरू झाला तो 'तेजोमेघ'.

काय सांगू! पहिला एक तास यानं नुसती इकडून तिकडे जात होती. सगळी पात्रं एकमेकांशी शिलालेख वाचल्यासारखी बोलत होती. जिथे गोष्ट अडली, तिथे मोठा स्फोट. जिथे स्फोट परवडला नाही, तिथे मंत्र. आणि ती पट्टी! एकाच्या मेंदूतला क्रम दुसऱ्याच्या मेंदूला कसा लागू पडणार? आमची अकरावीची पोरंही हे सांगतील, की प्रत्येकाची आतली जोडणी वेगळी असते. शेजाऱ्याच्या घराची किल्ली आपल्या कुलपाला लावून खुडबुड करावी तसं कपाळात काहीतरी खुडबुडत होतं, उघडत काहीच नव्हतं. मध्यंतरात निम्म्या लोकांनी पट्ट्या काढून खिशात घातल्या. एक बाई नवऱ्याला विचारत होती, "तुला काही आठवलं?" तो म्हणाला, "गॅस बंद केला होता का, तेवढं आठवलं."

मध्यंतरानंतर आली ती राणी. चांदीचा पोशाख, मुंबईच्या त्या महागड्या नटीचा चेहरा, पुढ्यात स्फटिकाचं कसलंसं वाद्य. हवेतच बोटं फिरवायची की ते वाजायचं. खालून हजारो परग्रहवासी काहीतरी ओरडत होते, आणि राणी हसत वाजवतच होती. ते दृश्य पुरते दहा श्वासही चाललं नसेल. लगेच स्फोट झाला आणि यान उडालं.

पण तेवढ्यात माझ्या शेजारी अण्णा ताठ बसले. त्यांचे पाय खाली हलत होते, एकाआड एक, भाता मारल्यासारखे. आणि भरल्या थिएटरात ते मोठ्याने ओरडले, "वन्स मोअर!"

लोक हसले. मागून कुणीतरी शिट्टी मारली. एकजण म्हणाला, "आजोबा, एकदाच सोसवेना!" सिनेमा काही थांबला नाही. अण्णा माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते.

"वैजू, कोण होती गं ती? पायाची ढब काय सुंदर होती!"

पडद्यावरच्या वाद्याला भाता नव्हता. राणीचे पाय एकदाही दाखवले नव्हते. त्या सबंध थिएटरात, कदाचित सबंध महाराष्ट्रात, पट्टीचा उपयोग एकाच माणसाला झाला होता, कारण किल्ली त्याच्याच कुलपाची होती. आणि त्याला विचारावं लागत होतं, की ती कोण होती. मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर आहे तेवढीही जागा बुजली असती. मी नुसता त्यांचा हात धरला आणि पडद्याकडे बघत मनातल्या मनात निनाद कर्णिकचा उद्धार करत राहिले.

दुसऱ्याच आठवड्यात मी पुण्याला स्टुडिओत गेले. स्वागतकक्षात अजून तो फलक होता, 'तुम्हाला तो आठवेल'. निनादचा चेहरा उतरला होता. मला बघून तो स्वतःचंच दुःख सांगायला लागला. निर्मात्यांनी वेळ दिला नाही, पट्ट्या स्वस्तातल्या घेतल्या, प्रेक्षकांची तयारी नव्हती.

"मी तुमचं परीक्षण लिहायला आलेली नाही," मी म्हणाले. "माझ्या वडिलांचं आहे ते परत द्या."

त्याने डॉ. तांबोळींना बोलावलं. माझ्याच वयाची बाई, पण फार थकलेली दिसत होती. त्या म्हणाल्या, "परत बसवता येईल, मॅडम. मूळ वाचन पूर्ण ताकदीने त्यांच्यावर वाजवायचं आणि थोपवणारं औषध द्यायचं नाही. त्यांचा मेंदू ते आपलं म्हणून घट्ट करून घेईल. पण..."

"पण काय?"

त्यांनी निनादकडे बघितलं. तो खिडकीकडे बघत होता. "वाचन फार जागा घेतं. निर्मितीकडून सांगितलं गेलं, की शेवटचं ठेवा, आधीची काढून टाका. मला कळलं तेव्हा काढून झाली होती. आपल्याकडे फक्त शेवटचं आहे."

"मग तेच बसवा."

"आधी ऐका तरी," त्या म्हणाल्या. वाचन चालू असताना माणूस जे बोलतो ते रेकॉर्ड होतं. त्यांनी ते लावलं.

अण्णांचा आवाज. जड, झोपेत असल्यासारखा. "ऑर्गनवर ती बसलीय. हसतीय." मग निनादचा मऊ आवाज, "आणि आता लोक ओरडतायत, हो ना अण्णा? आणि ती थांबत नाही. ती वाजवतच राहते." मग अण्णा म्हणाले, "नाही, थांबती कशाला? वन्स मोअर आहे. वाजवती. हसत वाजवती."

मग टाळ्या. आणि निनाद कर्णिक उत्साहाने म्हणत होता, "क्या बात है! वन्स मोअर, अण्णा!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्या माणसाला काय मिळालं होतं? एका भरल्या थिएटरात एका मुलीने 'पुरे' म्हटलं होतं. जगात अशी जागा त्याला दुसरी सापडली नसती. आणि त्याने त्यातला तो 'पुरे'च काढून टाकला, कारण राणीने हसत वाजवत राहिलेलं त्याला बरं दिसत होतं. अण्णा बिचारे नट. मागणाऱ्याला हवी तशी नवी हरकत घेत गेले, आणि प्रत्येक हरकतीला खालची खरी गोष्ट सांडत गेली.

"हे घडलेलं नाही," मी म्हणाले.

"मला माहीत आहे," डॉ. तांबोळी म्हणाल्या. "पण एकदा बसवलं की त्यांच्यासाठी हेच घडलेलं असेल. तुम्ही काहीही सांगितलं तरी त्यांना ते पटणार नाही."

"ताई, काहीच नसण्यापेक्षा हे बरं नाही का?" निनाद म्हणाला. "सुंदर आहे ते."

"माझी आई सुंदर नव्हती हो, ती खमकी होती," मी म्हणाले आणि निघून आले.

घरी आल्यावर मात्र माझं काही चालेना. बोलून मोकळं व्हावं, तर ऐकीव गोष्ट कायमची बसणार. न बोलावं, तर अण्णांपुढे ती संध्याकाळ रिकामीच. आणि निनादची हसरी बाई बसवू द्यावी, तर तीच आई म्हणून ते मरेपर्यंत जपणार. ऐकीव का होईना, पण खरी. की स्वतःची, पण खोटी? दोन दिवस मला जेवण गेलं नाही. अण्णा विचारत राहिले, "कॉलेजात काही झालं का?"

रविवारी सकाळी निनाद स्वतःच आला. बरोबर यंत्राची काळी सुटकेस. पुन्हा सतरंजीवर मांडी घातली, पुन्हा अण्णांच्या पायाला हात लावला.

"अण्णा, मी चुकलो. तुमच्यातलं काही हरवलंय, ते मी आज परत बसवून देतो. इथेच, घरच्या घरी."

"हरवलंय?" अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "काय हरवलंय, वैजू?"

मी बोलायच्या आत निनादने पुढचं बोलून टाकलं. "आणि अण्णा, माझी एक विनंती आहे. लोकांना सिनेमा कळला नाही. मी तो नव्याने बांधतोय, दिग्दर्शकाच्या मनातला 'तेजोमेघ'. शेवटाला राणी जाते. तिथे मला खरं दुःख हवंय. आईंचा शेवटचा दिवस, दवाखान्यातला. तो तुमच्याकडे आहे. एकदाच बसायचं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पहिला दिवस नेला, आता शेवटचा मागायला आला होता. ते मागताना त्याच्या डोळ्यांत पुन्हा पाणीही होतं.

अण्णांनी मान खाली घातली. त्यांना तो दिवस आवडत नव्हता, त्याबद्दल ते कधी बोलत नसत. निनादने पट्टी बाहेर काढली, सरळ केली, आणि हळूच टाळ्या वाजवून म्हणाला, "अण्णा. वन्स मोअर."

आणि मी बघितलं, की अण्णांची पाठ ताठ झाली. मान वर झाली. अडत दुकानातून थकून आलेला माणूस रंग लावला की कसा राजपुत्र व्हायचा, तसंच. पट्टीसाठी त्यांनी डोकं पुढे केलं.

मग मी काही ठरवलं नाही. तोंडातून निघून गेलं. आई बोलायची तशाच आवाजात, खणखणीत.

"पुरे आता! तिकडे नायिका विष पिऊन बसलीय, तिचं काय?"

निनादचा हात थांबला. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून कुठून तरी हसू आलं, आणि ते इतकं हसले, की खोकला लागला. मी पाणी दिलं.

"हे कोण म्हणालं गं?" डोळे पुसत त्यांनी विचारलं.

"सांगते. पण मी सांगितलं तर ह्यांच्या पेटीतलं मग बसायचं नाही. दोन्हींतलं एकच. आणि हे तुमचं तुम्ही ठरवा."

अण्णा निनादकडे वळले. "तुमच्या त्यात काय आहे?"

"त्यात त्या आहेत, अण्णा. त्या हसतात. वाजवत राहतात. कितीही वन्स मोअर आले तरी."

"आणि तुझ्यात?" त्यांनी मला विचारलं.

"माझ्यात ती नाही म्हणते."

"कुणाला?"

"तुम्हाला. भरल्या थिएटरात. भात्यावरून पाय काढून."

अण्णा फोटोकडे बघत बसले. बराच वेळ. सासरच्या मोठ्या माणसाकडे बघावं तसं नाही. पहिल्यांदा एखादी मुलगी दिसावी तसं.

"मला नाही म्हणाली," ते स्वतःशीच म्हणाले. "म्हणजे ठरवून नसणार झालेलं आमचं."

मी नुसती मान हलवली.

"निनादराव," अण्णा म्हणाले, "तुमची ती हसणारी बाई तुमच्याकडेच असू द्या. आणि दवाखान्यातली मी देणार नाही. उचला ते सगळं."

"अण्णा, एकदा विचार..."

"नाही," अण्णा म्हणाले. त्यांच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांत ना मी, ना गावाने कुणा मागणाऱ्यापुढे त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. त्यांनाही तो नवा वाटला असावा. चव बघावी तसा त्यांनी तो पुन्हा एकदा उच्चारला. "नाही."

निनादने सुटकेस बंद केली. अण्णांनी सतरंजी थोपटून मला जवळ बसवलं.

"हं. सांग. पहिल्यापासून."

निनाद दाराशी बूट घालत होता. त्याच्याही कानांवर पडावं, म्हणून मी जरा मोठ्यानेच सुरुवात केली.